नऊ घोड्यांचा ग्रुप फोटो

जर्मनीत आजवर जितकी माणसं जंगली घोड्यांचे फोटो काढायला गेली असतील, त्या सगळ्यांत सर्वांत कमी फोटो काढणारा माणूस म्हणजे माझ्या शेजारच्या वहिनींचे सासरे, आमचे काका. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण मी स्वतः बरोबर होते! सलग दहा रविवार आम्ही गेलो. दहाही रविवारी त्यांच्या गळ्यात कॅमेरा होता, बॅटरी फुल चार्ज होती, घोडे अगदी समोर होते, आणि संध्याकाळी कॅमेऱ्यात फोटो किती? शून्य. एकही नाही. चुकून पायाचा वगैरे पण नाही. आमच्या शेजारी उभे असलेले, कॅमेऱ्याला लांब नळी लावलेले जर्मन आजोबा तेवढ्या वेळात हजारभर फोटो काढून, सँडविच खाऊन, सँडविचचा कागद घडी घालून खिशात ठेवून मोकळे व्हायचे. काका त्यांच्याकडे बघून हळहळायचे. म्हणायचे, "बिचारा. फोटो काढता येत नाही म्हणून मशीनगन चालवतोय."

थांबा, आधी ओळख करून देते, मी नेहमी मधूनच सुरू करते. मी डार्मश्टाटला मास्टर्स करते. माझ्या दारासमोर एक पुण्याचं जोडपं राहतं, दादा आणि वहिनी. दादा सॉफ्टवेअरमध्ये. दोघांनी मला अर्धं दत्तक घेतलंय, म्हणजे रविवारी पोहे त्यांच्याकडे. मार्चच्या शेवटी दादाचे वडील बार्शीहून तीन महिन्यांसाठी आले. बार्शीत त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, चाळीस वर्षं जुना. अर्ध्या बार्शीचे पासपोर्ट साइज, अर्ध्या बार्शीची लग्नं आणि झाडून सगळ्या बाळांचे पालथे झोपलेले फोटो त्यांनीच काढलेत. मी त्यांना पहिल्या दिवसापासून काका म्हणायला लागले, आणि त्यांनी पहिल्या मिनिटाला माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, "डावा खांदा नेहमी असाच पाडतेस का गं?" तेव्हापासून आजपर्यंत मी आरशासमोर तिरकी उभी राहते.

माणूस दिसला की तो नीट बसवायचा, ही त्यांची सवय. वहिनी सांगतात, फ्रँकफर्टच्या विमानतळावर काचेमागच्या अधिकाऱ्याने पासपोर्टवरचा फोटो बघितला, मग काकांकडे बघितलं, मग परत फोटोकडे. काकांना वाटलं, याला अँगल मिळत नाहीये. म्हणून त्यांनी त्यालाच हाताने खूण केली, हनुवटी खाली, थोडी अजून, हां. आणि त्या जर्मन अधिकाऱ्याने घेतली ना खाली! मग शिक्का मारला. माझ्या रेसिडेन्स परमिटचं कार्ड बघून तर त्यांनी चष्मा काढून पुसला. मी सांगितलं, काका, इथे बायोमेट्रिक फोटो लागतो, हसायचं नाही असा नियम आहे. ते बराच वेळ कार्डाकडे बघत राहिले. "हा फोटो नाही पोरी, हा पंचनामा आहे." जर्मन भाषेतला एकच शब्द ते शिकले होते, गेनाऊ, म्हणजे 'अगदी बरोबर', आणि तो ते सगळीकडे वापरायचे. बेकरीतल्या बाईने विचारलं, अजून काही हवंय? गेनाऊ. बस ड्रायव्हर म्हणाला, मागच्या दाराने उतरा. गेनाऊ. आणि उतरायचे पुढच्याच दाराने.

आता घोड्यांची भानगड. ती सुरू झाली जेवणाच्या टेबलावर, काका येऊन दहा दिवस झाले तेव्हा. मी होतेच तिथे, आमटी वाढून घेत. दादा एकदम म्हणाला, "बाबा, स्टुडिओ आता बंद करा. ताईने पुण्यात तुमची खोली तयार करून ठेवलीय."

"का?"

"का काय? हात थरथरतो तुमचा."

"कुणाचा? माझा? वेडा आहेस का? स्टुडिओतले फोटो बघ की, एक तरी हललाय का?"

"तिथे स्टँड असतो. फ्लॅश असतो. फ्लॅशमध्ये काय हात हललेला दिसतोय?"

वहिनींनी उगाच लोणचं पुढे केलं. मग काकांनी चमचा खाली ठेवला (सावकाश, नीट, दोन्ही हातांनी, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं) आणि म्हणाले, "इथं जवळ ते जंगली घोडे आहेत म्हणाला होतास ना? त्यांचा सगळ्या खानदानाचा ग्रुप फोटो काढतो. हातात धरून. स्टँड नाही, फ्लॅश नाही. परत जायच्या आधी. सगळी तोंडं स्वच्छ आली तर स्टुडिओ चालू. नाही आली तर बोर्ड उतरवतो आणि जातो ताईकडं. झालं?"

दादा म्हणाला, "झालं." दादाला वाटलं, पहिल्याच रविवारी निकाल लागेल. त्याला वडील माहीत होते, पण फोटोग्राफर माहीत नव्हता.

ती जागा आमच्यापासून तासाभरावर. आधी ट्रेन, मग बस, मग पायी. पूर्वी लष्कराचं मैदान होतं. सैन्य गेलं, रणगाड्यांनी उकरलेली वाळू राहिली, पाइनची झाडं वाढली, आणि त्यात मंगोलियाकडच्या मूळ जंगली जातीचे घोडे सोडलेत. अगदी मोकाट. म्हणजे जर्मनीत जेवढं मोकाट असता येतं तेवढं. लांबवर कुंपण आहे, आणि कुंपणावर मोकाट घोड्यांशी कसं वागावं याची नऊ कलमांची पाटी आहे. खायला घालू नये, हात लावू नये, आवाज करू नये. एका उंचवट्यावर लाकडी मचाण आहे, तिथून बघायचं.

काकांनी पहिल्यांदा घोडे बघितले आणि त्यांचा चेहरा पडला. बुटके, मातकट रंगाचे, पोट पांढुरकं, तोंड पिठात बुडवल्यासारखं. "हे घोडे?" त्यांनी मला हळूच विचारलं. त्यांच्या डोळ्यांसमोर दोनच घोडे होते, एक पुतळ्याखालचा आणि एक वरातीतला. वरातीतल्या घोड्यावर बसलेली शेकडो घाबरलेली पोरं त्यांनी टिपली होती. या घोड्यांना ना झूल, ना गोंडे, ना वर नवरदेव. पण मग त्यांचं लक्ष आयाळीकडे गेलं. या जातीची आयाळ खाली पडत नाही, ब्रशसारखी ताठ उभी असते. काकांच्या वरच्या खिशात कायम कंगवा असतो, गिऱ्हाइकासाठी. त्यांनी कंगव्यावरून हात फिरवला आणि समाधानाने म्हणाले, "मंडळी घरनं तयार होऊन आलीत."

आणि मग त्यांनी मोजलं. आठ. परत मोजलं. आठ. नळीवाले आजोबा म्हणाले नऊ आहेत, आणि बोट दाखवलं. लांब, झाडांच्या मागे, एक म्हातारी घोडी पाठ करून उभी होती. झालं! काकांनी कॅमेरा खाली केला. "आत्याबाई रुसल्यात," म्हणाले. "त्या आल्याशिवाय फोटो नाही."

मला वाटलं गंमत करतायत. गंमत नव्हती, हा त्यांचा धर्म होता. ग्रुप फोटोत घरचं एकही माणूस कमी असेल तर काका बटण दाबत नाहीत. बार्शीत एका लग्नात नवऱ्याची आत्या मानपानावरून रुसून भटारखान्यात जाऊन बसली होती. काकांनी अख्खं वऱ्हाड स्टेजवर पाऊण तास उभं ठेवलं. मुलीकडचे चिडले, नवरी भोवळ येऊन खुर्चीत बसली, कुणीतरी दुसरा फोटोग्राफर आणायची धमकी दिली. काका म्हणाले, आणा. शेवटी खुद्द नवरदेव मुंडावळ्या सावरत भटारखान्यात गेला आणि आत्याच्या पाया पडून तिला घेऊन आला. मी विचारलं, काका, एवढं काय अडलं होतं? तर म्हणाले, "फोटोत नसलेलं माणूस भिंतीवरनं तीस वर्षं ओरडत राहतं. फोटो काढणारा निघून जातो, ऐकावं घरच्यांना लागतं."

त्यामुळे दर रविवारी तोच प्रकार. आम्ही आत्याबाईंची वाट बघायचो. काका घोड्यांशी बोलायचे, कारण त्यांच्या फोटोग्राफीत नव्वद टक्के बोलणंच असतं. कळपातल्या मोठ्या घोड्याला ते यजमान म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. "अहो यजमान, जरा उजवीकडं सरका. वहिनी, तुम्ही पुढं या, लाजू नका. ए धाकट्या, आईच्या मागनं बाहेर ये." नळीवाले आजोबा बोट ओठांवर ठेवून श्श्श करायचे.

"काय म्हणतोय तो?"

"गप्प बसा म्हणतायत, काका."

"मग फोटो काय मुक्यानं काढायचा? गेनाऊ, गेनाऊ," ते आजोबांकडे बघून मान डोलवायचे, आणि परत चालू. "अहो यजमान!"

पण खरं सांगू? त्या दोघांची दोस्ती झाली. तिसऱ्या रविवारपासून आजोबा काकांसाठी घडीची खुर्ची आणायला लागले, आणि वहिनी त्यांच्यासाठी वेगळ्या डब्यात शिरा द्यायला लागल्या. एकदा आजोबांनी स्वतःचा कॅमेरा काकांच्या हातात दिला आणि मला जर्मनमध्ये समजावलं की यात स्थिर ठेवायचं यंत्र आहे, हात कितीही हलू दे, फोटो हलत नाही. मी भाषांतर केलं. फार उत्साहाने केलं, आता आठवलं की स्वतःला चिमटा काढावासा वाटतो. काकांनी कॅमेरा दोन्ही हातांनी परत दिला. "छान आहे. पण फोटो हाच काढणार असेल तर मी कशाला बार्शीहून आलो?"

घरी आलो की दादा विचारायचा, "मग?" काका म्हणायचे, "आत्याबाई नव्हत्या." दादा माझ्याकडे बघायचा. मी म्हणायची, खरंच नव्हत्या. आणि नव्हत्याच ना! चौथ्या रविवारी नव्हत्या, पाचव्या रविवारी नव्हत्या, सहाव्या रविवारी आल्या तर यजमानच कुठेतरी गेले होते. मी कॉलेजमध्ये सगळ्यांना हे सांगत सुटले होते. आमच्या ग्रुपवर दर रविवारी रात्री मेसेज यायचा, आज तरी? आणि मी शून्य टाइप करायची आणि हसून लोळणारे चार इमोजी. मला वाटायचं, काय भारी म्हातारा आहे. जगात सगळे दिसेल त्याचे चाळीस फोटो काढतात, आणि हा एक तत्त्वासाठी कित्येक आठवडे बोट आवरून बसलाय.

नवव्या रविवारी सगळे आले. नऊच्या नऊ. आत्याबाई स्वतः चालत येऊन यजमानांच्या शेजारी उभ्या राहिल्या, एकही तोंड झाकलेलं नाही, सगळं अर्धा मिनिट तसंच. मी काकांचा दंड धरून कुजबुजले, "काका! सगळे आहेत! काका, दाबा!" काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मी कॅमेऱ्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं. लेन्सचं टोक एका जागी राहत नव्हतं. फार नाही. भरलेला कप घेऊन कुणी जपून चालावं, तेवढंच. मग काकांनी कॅमेरा खाली घेतला. "धाकटा अर्धा झाकला होता," म्हणाले.

धाकटा झाकला नव्हता. धाकटा सगळ्यांत पुढे उभा होता. ट्रेनमध्ये मी ग्रुपवर काहीच टाकलं नाही. थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला तो अर्धाच ओतला, आणि काकांनी अर्धा का म्हणून विचारलं नाही.

दहावा रविवार पावसात गेला. अकरावा शेवटचा, बुधवारचं विमान. जूनचा तो दिवस म्हणजे नुसती काहिली. सकाळी नऊलाच इतकं उकडत होतं, आणि झाडाचं एक पान, एक काडी हलत नव्हती. वारा नसला की घोडमाशा येतात. आणि माशा आल्या की हे घोडे काय करतात माहितीये? सगळे एकत्र येतात, एकमेकांना खेटून सावलीत उभे राहतात, याच्या शेपटीने त्याच्या तोंडावरच्या माशा हाकलायच्या अशी सोय. बार्शीचं वऱ्हाड जे पाऊण तासात करत नव्हतं, ते माशांनी दोन मिनिटांत केलं. नऊ घोडे, पाइनच्या सावलीत, दोन रांगांमध्ये.

नळीवाले आजोबांनी आपला कॅमेरा खाली ठेवला होता. काका उठले. मला कळत होतं त्यांची अडचण काय आहे ते, दहा आठवड्यांत त्यांनीच शिकवलं होतं. मागची रांगही स्वच्छ यायची तर लेन्सचं भोक बारीक ठेवावं लागतं. भोक बारीक, वर सावली, म्हणजे शटर हळू उघडझाप करणार, आणि तेवढा वेळ हात दगडासारखा पाहिजे. मी हळूच म्हटलं, "काका, भोक जरा मोठं करा ना. मागचे थोडे धूसर आले तर काय झालं?"

"मागं आत्याबाई आहेत," काका म्हणाले.

त्यांनी कोपरं बरगड्यांना टेकवली. श्वास सोडला. आणि जिभेने टाळूवर एक आवाज काढला, टॉक, स्टुडिओत तान्ह्या बाळाने कॅमेऱ्याकडे बघावं म्हणून काढतात तसा. नऊ माना वर आल्या. नऊच्या नऊ, आमच्याकडे! आजोबांनी श्श्श केलं नाही. काका पुटपुटले, "एक, दोन," आणि दोनलाच बटण दाबलं, कारण तीन म्हटलं की माणूस तयार होतो आणि तयार माणूस खोटा दिसतो, असं त्यांचं मत आहे. एकच फोटो. मी म्हटलं, अजून एक घ्या. तर म्हणाले, "दुसरा काढला की पहिल्याचा अपमान होतो." मग त्यांनी मागच्या स्क्रीनवर बराच वेळ बघितलं, आणि कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवला. मला दाखवला नाही.

संध्याकाळी दादाने कार्ड लॅपटॉपला लावलं. काका सोफ्यावर हात मांडीखाली घालून बसले होते. "मी काही बोलणार नाही. काय ते फोटो बोलेल." फोटो उघडला. दुरून सुंदर होता. मग दादाने मोठा केला. यजमानांना दोन कडा होत्या. धाकट्याला दोन कडा होत्या. आत्याबाईंच्या डोळ्याच्या जागी एक छोटी रेघ होती. आणि दादा हुशार आहे, त्याने फोटो सरकवत सरकवत पाइनच्या खोडावर नेला. खोडालाही दोन कडा होत्या. घोडे हलले असते तर घोडेच हलले असते ना. खोड कशाला हलेल?

"घोडे हलले वाटतं," वहिनी म्हणाल्या.

"आणि झाड?" दादा म्हणाला.

"वारा होता!" हे मी बोलले. कुणी विचारलं नव्हतं. "दादा, खूप वारा होता तिकडे. भयंकर. आमचं मचाण हलत होतं."

दादाच्या त्या खोलीच्या उघड्या खिडकीचा पडदा सकाळपासून कापडाच्या दुकानात टांगल्यासारखा लटकत होता. दादाने पडद्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग फोटो परत लहान केला, आणि कितीतरी वेळ बघत बसला. "सगळे इकडे बघतायत," तो म्हणाला, जरा वेगळ्याच आवाजात. "नऊही. एकाचंही लक्ष दुसरीकडे नाही." दादाने लॅपटॉप मिटला. "वारा असेल. मोकळं मैदान आहे, वारा असतो तिकडे. वाऱ्याला बाबा काय करणार?" आणि उठून पाणी प्यायला गेला. दोन ग्लास प्यायला.

बुधवारी विमानतळावर दादा बॅगा वजनाला लावत होता तेव्हा काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, त्या दिवशी पान हललं नव्हतं."

"माहितीये काका."

"त्यालाही माहितीये." ते दादाच्या पाठीकडे बघत होते. "दिवाळीला बंद करणार आहे मी स्टुडिओ. गिऱ्हाइकांना सांगून, पेढे वाटून. पण लगेच कळवू नकोस त्याला. हरून बंद करणं वेगळं, आणि आपलं आपण कुलूप लावणं वेगळं. तेवढी सोय त्यानं करून दिली मला." मग माझा डावा खांदा दोन बोटांनी वर उचलला, आणि गेले आत.

परतीच्या रस्त्यावर दादा गाडी चालवत होता. वहिनी मागे झोपल्या होत्या. डार्मश्टाटचा फाटा आला तेव्हा त्याने रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं, "त्या दिवशी वारा होता ना गं तिकडे?"

"होता की," मी म्हटलं. "चांगला होता."

"हां," दादा म्हणाला. "मला वाटलंच."